दुपारच्या शाळेची सावली

कागदाला एसी आणि माणसाला पंखा, अशी वाटणी असलेल्या घरात मी साडेतीन वर्षं भाड्याने राहिलो. सिंगापूरला, बुकित पंजांगमध्ये, अकराव्या मजल्यावर. दोन खोल्या आणि हॉल. एका खोलीत मी, दुसऱ्या खोलीत चित्रांचे कोरे कागद, आणि घराचे मालक स्वतः हॉलमध्ये सतरंजी टाकून. मी त्यांना काका म्हणायचो. नातं काही नव्हतं, पण परक्या देशात मराठी घरमालकाला भाडेकरूने दुसरं काय म्हणायचं?

एसीचं कारण त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. जलरंगाच्या जाड कागदाला सरसाची खळ दिलेली असते. सिंगापूरच्या दमट हवेत ती खळ वर्षभरात कुजते, आणि मग ब्रश टेकवला की टिपकागदावर शाई फुटावी तसा रंग फुटतो. "माणूस घामाने मरत नाही," ते म्हणाले, "कागद मरतो." माझ्या खोलीत एसी नव्हता. मी जरा आशेने त्या दुसऱ्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, तेव्हा त्यांनी ते दार ओढून घेतलं.

खोली बघायला गेलो तेव्हाची मुलाखतही अशीच. मी नाशिकचा, बँकेत ऑडिटला, लग्न व्हायचंय, दारू पीत नाही, अशी सगळी माहिती घोकून गेलो होतो. त्यांनी त्यातलं अक्षर विचारलं नाही. मला बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये नेलं, समोरच्या ब्लॉकच्या भिंतीवर पडलेल्या सावलीकडे बोट केलं आणि विचारलं, "ही कुठल्या रंगाची?"

"काळी," मी म्हणालो. आता सावली आणखी कुठल्या रंगाची असणार?

दाढ ठणकावी तसे त्यांनी डोळे मिटून घेतले. "बरं. राहा. पण हा शब्द पुन्हा या घरात काढायचा नाही."

त्यांच्या रंगांच्या डबीत काळा रंगच नव्हता. निळा आणि तपकिरी मिसळून ते सावली करायचे, आणि ती ओली असतानाच तिच्यात आजूबाजूच्या भिंतींचा रंग थेंबभर सोडायचे. समोर लाल भिंत असेल तर लाल, झाड असेल तर हिरवा. "सावली म्हणजे उजेडच असतो, ऑडिटर. फक्त मागच्या दाराने आलेला." मला ते कधी नावाने हाक मारत नसत. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही याचीही मला शंका आहे.

या सिद्धांताचा पहिला फटका माझ्या चादरीला बसला. इथे कपडे स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बांबूवर वाळत घालतात. आईने दिलेली लाल चादर मी मोठ्या प्रेमाने धुऊन बांबूवर टाकली, तर काका ब्रश हातात घेऊन माझ्या दारात उभे. "अहो ऑडिटर, तुमची चादर माझ्या सावलीत शिरते!" खिडकीतून समोरच्या भिंतीचं चित्र चाललं होतं आणि चादरीचा लाल उजेड तिच्यावर पडत होता. मग तीन दिवस ती चादर माझ्या खोलीत खुर्चीच्या पाठीवर वाळली. वाळली असं आपलं म्हणायचं. तिला जो वास लागला तो नाशिकला जाऊन आईच्या हातच्या धुण्यानेच गेला.

ते मूळचे रत्नागिरीकडचे. तीसेक वर्षं बोटीवर, शेवटी चीफ इंजिनिअर. नऊ महिने समुद्रावर, तीन महिने घरी. घर म्हणजे तेव्हा बिशानचा फ्लॅट, तिथे बायको आणि एकुलती एक मुलगी. मी राहायला गेलो तेव्हा बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, बिशानचा फ्लॅट विकला होता आणि मुलगी पर्थला नोकरी करत होती. ही माहितीसुद्धा मला वर्षभरात तुकड्या-तुकड्याने मिळाली. सरळ सांगितली ती फक्त चित्रकलेची सुरुवात.

"खाली इंजिन रूममध्ये सावली नसते," ते म्हणाले. "चहूबाजूंनी ट्यूबलाइट. हात पुढे धरला तरी हाताखाली काही नाही. बोट बंदराला लागली की गँगवेच्या शिडीवरून उतरायचो आणि पहिलं काय बघायचो सांगू? माझी सावली. आहे का अजून, म्हणून."

मी हसलो. तेही हसले. नंतर माझ्या खोलीत पडल्या पडल्या ते बोलणं पुन्हा आठवलं तेव्हा मात्र हसू आलं नाही. मीही तेव्हा नवा होतो. दिवसभर ऑफिसात आकडे, संध्याकाळी गाडीत पाचशे माणसं, आणि मराठीत बोलायला हे एक गृहस्थ, तेही सावलीबद्दल.

इंजिनाने त्यांचे कान खाल्ले होते. त्यामुळे टीव्ही मोठा, बोलणं मोठं आणि फोन कायम स्पीकरवर. त्या घरात गुपित राहणं शक्यच नव्हतं. मुलीचा फोन रविवारी यायचा. मी खोलीत इस्त्री करत असायचो आणि सगळं ऐकू यायचं.

"जेवलीस?"

"येस, बाबा."

"काम कसं चाललंय?"

"ओके, बाबा. तुमची तब्येत?"

"ओके."

मग फक्त पंख्याचा आवाज. "बरं मग," काका म्हणायचे, आणि फोन बंद व्हायचा. एका शर्टाची इस्त्रीसुद्धा तेवढ्यात होत नसे.

रोज सकाळी साडेसहाला काका रंगांची पिशवी घेऊन निघायचे. खाली एलआरटीची छोटी गाडी, मग डाउनटाउन लाइन पकडून लिटल इंडिया. तिथल्या मागच्या गल्ल्यांमधली जुनी दुकानं, त्यांच्यापुढची पाच फुटांची ओसरी, खांबांच्या मधून तिरपा येणारा उजेड, हा त्यांचा मुलूख. सात वाजता सूर्य उगवतो. आठ ते साडेनऊ काम. "दहानंतर इथे सूर्य डोक्यावर येतो आणि सावली चपलेखाली जाऊन बसते. मग चित्रकाराने कॉफी प्यावी." सुट्टीच्या दिवशी कधी कधी मी पाण्याची बाटली सांभाळायला बरोबर जायचो. कोपऱ्यावर कॉफीचा ठेला चालवणारी चिनी बाई त्यांना ओळखायची.

"अंकल, सेम रोड अगेन आ? एव्हरी डे सेम, नॉट सियान मेह?" कंटाळा नाही का येत, असं तिचं म्हणणं.

"सेम रोड. डिफरंट लाइट."

"अय्या, लाइट ओन्ली लाह," म्हणून ती काळी कॉफी पुढे सरकवायची. सबंध सिंगापुरात त्यांच्या चित्रकलेवर रोज मत देणारं तेवढं एकच माणूस होतं.

कामाचे त्यांचे कायदे होते. पांढरा रंग डबीत मिळत नाही, तो कागदावर आधीपासून राखून ठेवावा लागतो. सावलीला एकदाच हात लावायचा, दुसऱ्यांदा लावला की चिखल. माणसं काढायची नाहीत, कारण ती हलतात. आणि सगळ्यात मोठा कायदा, जे पाहिलं नाही ते रंगवायचं नाही, हा. फोटोवरून नाही, आठवणीतून नाही, कुणी सांगितलं म्हणून तर नाहीच. चित्र झालं की ब्रश झटकायचे आणि म्हणायचे, "फिनिश्ड विथ इंजिन्स." बोट धक्क्याला लागल्यावर वरून खाली इंजिन रूमला येणारा तो शेवटचा हुकूम. हा हुकूम ते फूटपाथवर स्वतःच स्वतःला द्यायचे.

सहा-सात महिन्यांनी एकदा अशाच एका गल्लीत त्यांनी मला पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी नीट पाहिलं. खूप वेळ पाहिलं. "जांभळट," मी म्हणालो, "आणि खाली, दुकानाच्या दाराशी, जरा पिवळी." ते परत येताना गाडीत म्हणाले, "अरे, बस ना, जागा आहे." त्या दिवसापासून मी 'अहो'चा 'अरे' झालो. प्रमोशनची चिठ्ठी हातात पडली तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता.

इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात त्यांना एकदा मुलांच्या चित्रकला स्पर्धेचे परीक्षक केलं. कुणी केलं ते विचारू नका, मीच सुचवलं होतं. तीसेक मुलं. बहुतेकांनी घर, झाड आणि कोपऱ्यात हसरा सूर्य काढलेला. काकांनी एकेक चित्र पाहिलं आणि माइकवर जाहीर केलं की पहिला नंबर नाही, दुसरा नाही आणि उत्तेजनार्थ तर नाहीच. एका सात-आठ वर्षांच्या मुलीने घराची सावली सूर्याच्याच बाजूला काढली होती. तिचं चित्र वर धरून ते म्हणाले, "हे घर सूर्याच्या विरोधात आहे का? उजेड इकडून, सावली इकडेच? हे खोटं आहे, बाळा. खोटी सावली म्हणजे खोटी साक्ष." ती भोकाड पसरून रडायला लागली. तिची आई माझ्या अंगावर आली. अध्यक्षांनी घाईघाईने सगळ्यांना खडूच्या पेट्या वाटल्या, आणि मी मोदकाचं ताट घेऊन मूग गिळून कोपऱ्यात बसलो.

परत येताना मी चिडून म्हणालो, "काका, लहान मुलगी हो ती!"

"मग? सूर्य काय तिच्यासाठी वेगळा उगवतो?"

हे मुद्दाम सांगतोय. चुकीच्या सावलीला त्यांच्याकडे माफी नव्हती, हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मुलगी कामासाठी दोन दिवस सिंगापूरला येणार, असा फोन आला तेव्हापासून काकांनी लिटल इंडिया सोडलं. दोन महिने रोज सकाळी बिशानला. बोटॅनिक गार्डन्सला गाडी बदलायची आणि सातच्या आधी तिथे पोहोचायचं. कशासाठी ते विचारल्यावर नेहमीप्रमाणे उडवून लावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी सांगितलं.

"तिच्या लहानपणी मी नव्हतोच रे. सगळं बायकोने एकटीने केलं. ती रोज हिला ज्या रस्त्याने शाळेत न्यायची तो रस्ता आहे अजून. मी तो कधी धड पाहिला नव्हता. आता पाहतोय. हिला वाटलं पाहिजे, की बापाने उशिरा का होईना पण पाहिलं."

एवढं सलग ते सावलीखेरीज दुसऱ्या कशावर बोललेले मी तोपर्यंत ऐकले नव्हते. बोलून झाल्यावर त्यांनाच अवघडल्यासारखं झालं आणि ते ब्रश धुवायला उठून गेले.

चित्र मात्र झकास झालं. ब्लॉकपासून शाळेच्या फाटकापर्यंत जाणारी पायवाट, दोन्ही बाजूंना मोठी झाडं, समोर पूर्वेला नुकता वर आलेला सूर्य आणि झाडांच्या लांबच लांब सावल्या पाहणाऱ्याच्या पायापर्यंत आलेल्या. सकाळी साडेसातची ती कोवळी, किंचित ओली हवासुद्धा दिसत होती. काकांची शेकडो चित्रं मी पाहिली असतील, त्यातलं हे सगळ्यात चांगलं. त्यांनी ते हॉलमध्ये खुर्चीवर ठेवलं, वर पंचा टाकला आणि पापलेट तळायला घेतले.

मुलगी आली. तिशी ओलांडलेली, आखूड केसांची, हसऱ्या चेहऱ्याची. मराठी आईकडून शिकलेली, बाकी इंग्रजी. मला पहिल्या मिनिटापासून 'तू' म्हणाली, बापाला मात्र 'तुम्ही'. जेवण झालं. काकांनी पंचा काढला.

"ओह! माझ्या शाळेचा रोड!" ती खुर्चीसमोर खालीच बसली. "बाबा, हे किती ब्यूटिफुल आहे!" काकांचा चेहरा मी पाहत होतो. एवढा उघडा चेहरा त्यांनी मला कधी दाखवला नव्हता. ती जवळ जाऊन बघत राहिली आणि मग म्हणाली, "पण हे मॉर्निंग आहे ना?"

"साडेसात," काका म्हणाले. "शाळेची वेळ."

"बाबा, आय वॉज आफ्टरनून सेशन लाह."

काकांना ऐकू आलं नसावं असं मला आधी वाटलं.

"प्रायमरी वन टु थ्री," ती सांगत होती. "लहान मुलं सगळी दुपारी. आई मला बाराच्या पुढे न्यायची आणि साडेसहाला घरी आणायची. फोरपासून मॉर्निंग होती, पण तेव्हा मी एकटी जायचे." तेव्हा इथल्या प्राथमिक शाळा दोन पाळ्यांत भरायच्या, हे मी नंतर माझ्या ऑफिसातल्यांकडून ऐकलं. लहान वर्गांची शाळा दुपारची. त्या काळात इथे राहिलेल्या कुठल्याही बापाला हे ठाऊक होतं.

"दुपारची शाळा होती?" काका म्हणाले. मग पुन्हा, "दुपारची होती?"

"इट्स ओके, बाबा. इट्स व्हेरी नाइस. मी हे घेऊन जाते."

"नको. हे चुकलंय."

तिने खूप आग्रह केला. तिच्या बोलण्यात टोमणा अजिबात नव्हता, उलट आपण बोलायलाच नको होतं असं तिला झालं होतं. पण काकांनी चित्र उचलून एसीच्या खोलीत नेलं ते नेलंच. दुसऱ्या दिवशी ती रिकाम्या हाताने विमानतळावर गेली.

त्यानंतर काका संध्याकाळचे बिशानला जायला लागले. एक दिवस ऑफिसातून मीही परस्पर गेलो. साडेपाच वाजले होते आणि पायवाटेवर सावलीचा पत्ता नव्हता. सगळं एकसारखं करडं. काका छोट्या घडीच्या स्टुलावर बसलेले, समोर कोरा कागद. त्यांनी पश्चिमेकडे बोट केलं. तेव्हा शाळेतून घराकडे परतताना सूर्य समोर यायचा, दोन ब्लॉकांच्या मधल्या फटीतून. त्या फटीत आता एक उंचच्या उंच काँडो, श्रीमंतांच्या फ्लॅटांची इमारत, उभा होता. साडेचारलाच सूर्य त्याच्या मागे जात होता.

"फोटो असतील ना जुने?" मी विचारलं.

"फोटो काढणारा बोटीवर होता," काका म्हणाले.

रस्त्यावरचे दिवे लागेपर्यंत आम्ही तिथे बसलो. शाळेतून परतणाऱ्या आया आणि मुलंसुद्धा नव्हती, आता शाळा एकच पाळीची, सकाळची. ज्या उजेडात त्यांची बायको रोज चालली होती तो उजेड कुठेच शिल्लक नव्हता, आणि तो पाहिलेली या जगात आता एकच व्यक्ती होती. काकांना तिला विचारावं लागणार होतं. कुणी सांगितलं म्हणून रंगवायचं नाही, या कायद्याचं काय करायचं ते मी विचारलं नाही.

त्याच आठवड्यात त्यांनी फोन केला. रविवार नसताना, आणि आपणहून. मुलगी घाबरलीच. "बाबा, व्हॉट हॅपन्ड?"

"काही नाही. शाळेतून येताना आई तुझ्या कुठल्या बाजूला चालायची?"

तिने पलीकडचा टीव्ही बंद केला. मग ती म्हणाली, "डावीकडे. माझी बॅग तिच्या हातात. वॉटर बॉटल माझ्या गळ्यात." मग बाटलीचा रंग निघाला. बाटलीवरून एक पडलेला दात निघाला. दातावरून आईने केलेला शिरा निघाला. मी चार शर्ट इस्त्री केले आणि पाचव्याची बाही घेतली तरी फोन चालूच होता.

मग आठवड्यातून दोनदा, तीनदा. झाडाखाली फुलं पडलेली असायची का? पायवाट ओली असायची का? आई छत्री उघडायची का? ती भराभर सांगायची. एका संध्याकाळी म्हणाली, "आणि बाबा, घरी येताना आमच्या शॅडोज आमच्या पुढे पळायच्या. लाँग लाँग. मी आईच्या शॅडोच्या डोक्यावर पाय द्यायचा ट्राय करायचे. आई हसायची."

काका क्षणभर थांबले. "हं," ते म्हणाले. "डोक्यावर पाय. आणि?"

पुढच्या महिन्यात हॉलमध्ये चित्र दिसलं. संध्याकाळची पायवाट, दोन ब्लॉकांच्या फटीत मावळतीचा सूर्य, केशरी झालेले झाडांचे शेंडे. खाली पायवाटेवर, आयुष्यात पहिल्यांदाच, माणसांच्या सावल्या. एक मोठी, एक छोटी. दोन्ही पुढे, सूर्याकडे पळणाऱ्या.

मी ऑडिटर माणूस. चूक सापडली की मला राहवत नाही. "काका, सूर्य समोर आहे. सावल्या मागे पडायला हव्यात. या पुढे कशा?"

"शाबास," ते म्हणाले. "शिकलास."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"तिने सांगितलं त्याच क्षणी कळलं. तिला त्या रस्त्यावरचं काही आठवत नाही रे. सात वर्षांची पोर, कशाला बघतेय सावल्या. मी विचारतो म्हणून काहीतरी सांगते बिचारी."

"मग तिला सांगा ना."

"आणि मग काय बोलू तिच्याशी?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जेवलीस का विचारलं तर येस. काम विचारलं तर ओके. तिच्याशी बोलायचं कसं हे मला येतच नाही. बायकोला यायचं. हे विचारलं तर माझी मुलगी माझ्याशी अर्धा तास बोलते, ऑडिटर. पडू देत सावल्या कुठे पडायच्या तिथे."

मला त्या स्पर्धेतली रडणारी मुलगी आठवली. काकांनी ते चित्र पर्थला पाठवलं नाही. फोनवर तिला म्हणाले, "अजून जमलं नाही. झाडाचं नीट सांग पुन्हा." आणि ती पुन्हा सांगायला लागली.

वर्षभरात माझं लग्न झालं आणि मी टॅम्पिनीसला गेलो. बेटाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला. सुरुवातीला महिन्यातून एकदा जायचो. मग बाळ झालं. मग फोनवर 'येतो एकदा' म्हणायला लागलो. काका एकदाच म्हणाले होते, "नवीन चित्र आहे, बघून जा." मी 'या रविवारी बघतो' म्हणालो आणि गेलो नाही. त्यांनी पुन्हा बोलावलं नाही.

ते गेले सकाळीच, एलआरटीच्या फलाटावरच्या बाकावर. पिशवी मांडीवर तशीच. गाड्या किती गेल्या असतील कोण जाणे, सगळ्यांना वाटलं म्हाताऱ्याला डुलकी लागली आहे.

मुलगी पर्थहून आली. सगळं आटोपल्यावर घर आवरायला मी तिच्या मदतीला गेलो. एसीच्या खोलीत त्या पायवाटेची संध्याकाळची अकरा चित्रं निघाली. एकात आई डावीकडे, एकात उजवीकडे. एकात छत्री, एकात पाऊस नुकताच थांबलेला. जेव्हा जे तिने सांगितलं तसं. सगळ्यांत सावल्या सूर्याकडे पळणाऱ्या. तिने ती सगळी जमिनीवर मांडली आणि त्यांच्या मधोमध बसली.

"मी तुला एक सांगू?" ती म्हणाली. "आय डोंट रिमेंबर एनीथिंग. त्या रोडवर आई मला ओढत न्यायची, मी झोपेत असायचे. बॉटल नाही आठवत, शॅडो नाही आठवत. बाबांनी विचारलं ना, मग मी बनवून सांगितलं. नाहीतर त्यांनी 'बरं मग' म्हणून फोन ठेवला असता." डोळे पुसायचंही तिला सुचत नव्हतं. "मी चार वर्षं त्यांना खोटं सांगितलं. ही बिलीव्ह्ड मी, राइट? त्यांना खरं वाटलं ना शेवटपर्यंत?"

मी लगेच म्हणालो, "हो. पूर्ण."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि चित्रं एकावर एक रचायला लागली.

गाडीत बसलो तेव्हा मला स्वतःचं कौतुकच वाटत होतं, की आपण एका दुःखी मुलीचं समाधान केलं. टॅम्पिनीस येईपर्यंत ते उतरलं. तिला काय दिलं मी? आपण बापाला चार वर्षं फसवलं आणि तो फसला, हे. आता जन्मभर ती तेच घेऊन बसणार. खरं किती चांगलं होतं! त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांना रस्ता नको होता, तिचा आवाज हवा होता, आणि त्या आवाजासाठी त्या माणसाने अकरा वेळा खोटी सावली काढली. हे जगात फक्त मला ठाऊक होतं, आणि मी 'हो, पूर्ण' म्हणून मोकळा झालो.

ते तिला कळावं म्हणून हे लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर लक्षात आलं की तिला मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही. म्हणजे फोन करून सांगायला हवं. तिचा नंबर आहे माझ्याकडे. रोज संध्याकाळी काढतो आणि तसाच ठेवून देतो. सुरुवात कशी करायची तेच सुचत नाही. जेवलीस का, असं विचारू? आणि पर्थचं आणि सिंगापूरचं घड्याळ एकच आहे. तिकडे आता अवेळ असेल, असं म्हणायचीही सोय नाही.